दाराच्या फटीतून

एकतीस वर्षं मी पाव विकला.
केला कधीच नाही.

लिमुझँच्या त्या चढावरच्या दुकानात
गल्ल्यामागे उभी राहून मला कळायचं
कुणाला करपट हवा, कुणाला फिकट,
कोण उंबरा ओलांडायच्या आत
टोक मोडून तोंडात टाकणार.
कागद पिळून गाठ मारणं,
सुटे पैसे न बघता मोजणं,
हातांना एवढंच येत होतं.
मागचं दार एदमोंचं.
रात्री दोनला तो आत शिरायचा
आणि पहाटे बाहेर यायचा,
भुवयांसकट पांढरा.

मग पिठानेच त्याचा श्वास धरला.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चिमूटभरही नाही.
शटर ओढलं.
नगरपालिकेने चौकात एक यंत्र बसवलं,
नाणं टाका, पाव घ्या.
कोरड्या विहिरीत दगड पडावा
तसा तो खाली पडतो.
एदमों तो खातो.
नावं ठेवत नाही.
चावत चावत खिडकीबाहेर बघतो,
हे नावं ठेवण्यापेक्षा वाईट.

म्हणून आज, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी,
मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं,
खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला
आणि अर्धा किलो पीठ परातीत ओतलं.
त्याने पलीकडे खुर्ची ओढल्याचं ऐकू आलं.

"मीठ?"
"दहा ग्रॅम. यीस्टच्या अंगावर नको टाकूस."
"पाणी?"
"पीठ मागेल तेवढं."
"पीठ माझ्याशी बोलत नाही, एदमों. आकडा सांग."
बराच वेळ काही नाही.
"साडेतीनशे. पण शेवटचा घोट हातचा राख."

चिकटलं.
बोटांना, अंगठीला, नळाला, चष्म्याच्या दांडीला.
"चिकटू दे. वरून पीठ घालू नकोस."
"घातलं."
दारापलीकडून असा उसासा आला
की मिठाच्या बरणीचं झाकण मी उगाचच घट्ट केलं.

"आता हाताला कसं लागतंय?
कानाच्या पाळीसारखं?"
मी पाळी चाचपली.
"तुझी नाही, सोलांज.
तुझी कानातल्यांनी ओघळलीय. माझी आठव."
आठवली.
आणखी पाच मिनिटं मळावं लागलं.

पीठ फुगायला दीड तास.
तेवढा वेळ तो पेपरमधले मयत वाचून दाखवत होता.
त्यात आमची दोन गिऱ्हाइकं निघाली,
एक फिकटवाली,
एक करपटवाला, ज्याची चौदा युरो उधारी
मी अजून वहीतून खोडलेली नाही.

दाढीच्या ब्लेडने तीन तिरके काप.
दुसरा वाकडा गेला, ते मी सांगितलं नाही.
ओव्हनच्या तळाशी उकळत्या पाण्याची वाटी,
चष्म्यावर वाफ,
आणि मग तो वास,
जो एकतीस वर्षं माझ्या पाठीमागून यायचा,
आज पहिल्यांदा समोरून.

खिडक्या उघडल्या. ओटा तीनदा पुसला, फरशी दोनदा,
केस धुतले, ब्लाउज बदलला,
आणि पाव घेऊन दार उघडलं.

त्याने पावाकडे पाहिलंच नाही.
वाकून कान जवळ नेला.
थंड हवेत कवच तडकत होतं,
तड, तड, तडतड,
शेगडीतल्या शेवटच्या निखाऱ्यांसारखं.
तो ऐकत राहिला.
मी विचारलं नाही काय म्हणतोय.

"बूड अजून दोन मिनिटं मागत होतं,"
तो म्हणाला.
आणि उभ्या उभ्याच, ताटलीची वाट न पाहता,
टोक मोडलं.

माझे हात
सवयीने कागद शोधत होते.